थांब्याचा अर्धा तास

ता. ३ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
दादाचे भरभरून आशीर्वाद.

माझं अक्षर बघून आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, असं वाटेल तुला. पत्रं लिहायचं खातं तुझ्या वहिनीचं. पण हे पत्र मी तिच्याही नकळत, चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत बसून लिहितोय.

कारण असं की कंबरेने संप पुकारलाय. डॉक्टरने फोटो काढला, चष्मा वर केला आणि मोठ्या गाडीचं चाक या वर्षानंतर हातात धरायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. आगारप्रमुखांनी बोलावून घेतलं. माणूस चांगला आहे, खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दोनच वाटा आहेत म्हणाले. एक तर वाहतूक नियंत्रकाची परीक्षा दे, म्हणजे टेबल मिळेल आणि कुठली बस कधी सोडायची ते तू ठरवशील. नाही तर धुलाईचा हौद. तिथे रबरी नळी हातात घ्यायची आणि कालपर्यंत आपण चालवलेल्या गाड्यांच्या चाकांचा चिखल काढायचा. काम वाईट नाही गं, पण वर चालकाच्या जागेवर काल मी शिकवलेलं पोरगं बसणार आणि काका जरा मागच्या चाकाकडे बघा म्हणणार. ते मला झेपायचं नाही.

परीक्षेत भाषा आहे, नियम आहेत, ते मी मारून नेईन. पण पदार्थविज्ञान आहे. त्यात म्हणे सरासरी चाल काढायची. उभा जन्म गाडी चालवण्यात गेला, चाल काट्यावर दिसते एवढं मला माहीत. ही सरासरी कुठून टपकली? नववीचं पुस्तक जुन्या बाजारातून आणलंय आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय. परवा आमच्या एका वाहकाने ते पाहिलं आणि पोरीचं पुस्तक का, असं विचारलं. मी हो म्हणालो.

तर आता तू मला पत्रातून शिकव. आणि भिंगरीला यातलं अक्षर कळता कामा नये. पोरगी तुझ्याकडे राहून दहावी करतेय, वर्गात पहिल्या बाकावर बसतेय, आणि इथे बाप नववीच्या पुस्तकापुढे घाम गाळतोय. तिला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

आपला जुना लोभ गंजला नसेल असं धरून चालतो.
तुझा,
दादा


ता. १० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कंबरेचं वाचून काळजी वाटली आणि अक्षर वाचून जास्त वाटली. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळाली असावी असा संशय येतो. उत्तरपत्रिकेत जरा हळू पळव.

भिंगरीची चिंता सोड. माझ्या जिभेला कुलूप आहे.

आता मुकाट्याने लक्ष दे. लहानपणी बाबा शिकवायला बसले की तू मागच्या दाराने सटकायचास, ते इथे चालणार नाही. समज, तुझी बस साठ किलोमीटरवरच्या गावाला गेली, ताशी साठच्या चालीने. येताना भरलेली होती आणि रस्ता खराब होता, म्हणून तेच साठ किलोमीटर ताशी तीसने आलास. सरासरी चाल किती? तू आता साठ आणि तीस मिळवून दोनाने भागणार आणि पंचेचाळीस म्हणून मिशीवर ताव देणार. सगळा वर्ग तेच करतो. चूक. दोन चालींची बेरीज करायची नाही. एकूण अंतर किती ते बघायचं, एकूण वेळ किती ते बघायचं, आणि अंतराला वेळेने भागायचं. एवढंच. हे कर, उत्तर पाठव.

दुसरं उदाहरण: बस दोन तासांत नव्वद किलोमीटर जाते, मग अर्धा तास थांबते, मग दीड तासात आणखी साठ किलोमीटर जाते. सरासरी चाल काढ. पायऱ्या दाखव आणि प्रत्येक पायरीला कारण लिही. कारण लिहिल्याशिवाय मी गुण देत नाही, भावालासुद्धा नाही.

भिंगरी मजेत आहे. खाते, झोपते, माझ्याशी वाद घालते. वहिनीला नमस्कार, अर्थात तिला कळू द्यायचं नसेल तर मनातल्या मनात.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मास्तरीण


ता. १७ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
पुष्कळ आशीर्वाद.

पहिलं उदाहरण सुटलं! जाताना एक तास लागला, येताना दोन. एकशेवीस किलोमीटर, तीन तास, म्हणजे चाळीस. पंचेचाळीस का नाही, हे आधी डोक्यात शिरेना. मग लक्षात आलं की खराब रस्त्यावर मी जास्त वेळ घालवला, म्हणून त्या तीसचं वजन जास्त. खोलीत एकटाच होतो, नाही तर उठून कोणाला तरी मिठी मारली असती.

दुसरं तर सोपंच निघालं. नव्वद आणि साठ, दीडशे. दोन आणि दीड, साडेतीन. दीडशे भागिले साडेतीन, बेचाळीस आणि वर थोडं. तू कारण मागितलंस म्हणून लिहितो. मधला अर्धा तास मी धरलेला नाही. तो वाहकाच्या खात्यात टाकला. आमच्याकडे तशीच पद्धत आहे: चाकं फिरतात तो वेळ चालकाचा, गाडी थांब्यावर उभी असते तो वाहकाचा. उशीर झाला तर आधी हेच भांडण होतं, की चालताना झाला की उभ्याने. त्या अर्ध्या तासात इंजिन बंद, मी बंद. झोपलेल्या माणसाची चाल कशाला मोजायची आणि चांगल्या गाडीला उगाच कमीपणा कशाला आणायचा?

दोन्ही बरोबर असतील तर लाल शाईने मोठी बरोबरची खूण करून पाठव. हसू नकोस, शाळेत मला ती फारशी मिळाली नव्हती.

तुझ्या मायेचा हक्कदार,
दादा


ता. २४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पहिल्याला ही घे मोठी लाल खूण. दुसऱ्याला मोठी लाल फुली. अरे, सरासरी चालीत थांबलेला वेळही धरावाच लागतो! एकूण वेळ म्हणजे निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सगळा. प्रवाशाने घड्याळात तोच पाहिलेला असतो. दोन, अर्धा आणि दीड मिळून चार तास. दीडशे भागिले चार, साडेसदतीस. तुमच्या आगाराची पद्धत भांडणापुरती ठीक, पेपरात विसर.

पण कारण वाचून हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं की राहवलं नाही आणि दहावीच्या वर्गात सांगितलं. रागावू नकोस, नाव कशाला घेईन मी? एका चालकाने असं उत्तर दिलं, एवढंच म्हणाले. अर्धा तास वाहकाच्या खात्यात, झोपलेल्या माणसाची चाल कशाला मोजायची, सगळं तुझ्याच शब्दांत. वर्ग अक्षरशः डोक्यावर घेतला पोरांनी. जन्मात कोणी आता थांब्याचा वेळ विसरणार नाही. भिंगरीसुद्धा खदखदून हसत होती, म्हणजे तिला काही कळलेलं नाही. तू निर्धास्त राहा.

आणखी पाच उदाहरणं सोबतच्या कागदावर आहेत. तिसऱ्यात खड्डा आहे, सांभाळून.

भिंगरीचं दोन दिवस डोकं दुखतंय म्हणते आणि जेवतही नाही धड. परीक्षेचा ताण असेल.

जसा आहे तसा लोभ राहू दे.
तुझी,
मास्तरीण


ता. २७ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मला कळलं. तुम्ही परीक्षा देणार आहात ते, आणि मला सांगायचं नव्हतं तेही.

आत्याने वर्गात एका चालकाचं उत्तर सांगितलं. तिने वाहकाच्या खात्यात म्हटल्याबरोबर मला कळलं की हे तुम्ही. घरी खुर्चीत तुमचा डोळा लागला आणि आई ओरडली की तुम्ही हेच म्हणायचात. सगळे हसायला लागले. आणि बाबा, मीपण हसले. कळल्यावर हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले. मी गप्प बसले असते तर कोणीतरी माझ्याकडे बघितलं असतं आणि विचारलं असतं.

आता वर्गात ते सगळ्यांच्या तोंडी बसलंय. कोणी उशिरा आलं की वाहकाच्या खात्यात टाका म्हणतात. काल मी पाणी पिऊन उशिरा आले, तर मीच म्हणाले. सगळे हसले. मग घरी येऊन मी जेवलेच नाही.

माझ्या शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी बसते, माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण. तिने मागे एकदा विचारलं होतं की तुझे बाबा काय करतात. मी म्हणाले, परिवहन कार्यालयात असतात. बस चालवतात असं नाही म्हणाले. का नाही म्हणाले मला माहीत नाही. माहीत आहे, पण लिहवत नाही.

आत्याला मी घरी विचारलं तेव्हा ती खडूसारखी पांढरी पडली आणि मग तिने सगळं सांगितलं. तुमच्या कंबरेचं, हौदाचं, सगळं. मी तिच्याशी बोलत नाही. ताट घेते आणि माझ्या खोलीत जाऊन बसते.

बाबा, तुम्ही ती परीक्षा पास व्हाच. म्हणजे तुम्हाला टेबल मिळेल आणि मी सांगितलं होतं ते खरं ठरेल. मग कोणाला काही कळणार नाही.

रागावलात तरी थोडी माया शिल्लक ठेवा.
तुमची,
भिंगरी


ता. १ डिसेंबर

सौ. शिक्षिकाबाईंस,
नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. भिंगरीचंही मिळालं.

कुलूप चांगलं होतं. किल्ली मात्र आपण दहावीच्या वर्गात वाटलीत.

आगारप्रमुखांना उद्या सांगणार आहे की परीक्षेतून माझं नाव काढा. हौदावर कोणी गणितं विचारत नाही आणि कोणी आपल्या उत्तरावर वर्ग हसवत नाही. पाच उदाहरणांचा कागद परत पाठवतो आहे. लाल खुणेचा कागदही सोबत आहे. मला त्याची गरज नाही.

मुलीच्या जेवणाकडे लक्ष द्यावं.

कळावे.


ता. ५ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपलं, बाईंस, कळावे. अशा पत्रापेक्षा तू येऊन चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. पण मला ते म्हणायचाही हक्क उरलेला नाही.

काल सातवीला शिकवत होते. फळ्यावर एकूण वेळ असं लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं. मुलं वाट बघत बसली होती. मी त्यांना वाचन दिलं आणि खुर्चीत बसून राहिले. मला लाज वाटतेय, दादा. साधी सरळ लाज. तू विश्वासाने एक गोष्ट माझ्या हातात ठेवलीस आणि मी टाळ्या मिळवायला ती वाटून टाकली. टाळ्या मिळाल्या, ते काही खोटं नाही. मला तेव्हा मजाही वाटली.

पण त्याहून वाईट एक आहे. मी ‘एका चालकाने’ म्हणाले. ‘माझ्या दादाने’ म्हणाले असते तर कोणी तसं हसलं नसतं, किंवा वेगळं हसलं असतं. मग का नाही म्हणाले? नाव झाकायचं होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. शिक्षकांच्या खोलीत कोणी घरच्यांची चौकशी केली की भाऊ परिवहन कार्यालयात असतो असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. भिंगरीने ते वाक्य कुठून उचललं असं तुला वाटतं? ती खोटं माझ्याच घरात शिकली. तू तिला माझ्याकडे शिकायला ठेवलंस आणि मी हे शिकवलं.

उद्याच वर्गात उभी राहून सांगेन असं ठरवलं होतं, की तो चालक माझा भाऊ आहे. भिंगरीला विचारलं. ती एवढी रडली की मी बेत सोडला. मी तिची आत्या आहे हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. मी तोंड उघडलं की तिचं खोटं उघडं पडतं. माझी चूक निस्तरायला मी परत तिलाच पुढे करणार का? म्हणून गप्प बसलेय. शिक्षकांच्या खोलीत मात्र सांगितलं. एका बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

मला माफ कर असं म्हणत नाही. पण परीक्षेतून नाव काढू नकोस. माझ्यावरचा राग हौदात कशाला बुडवतोस? तू हुशार विद्यार्थी आहेस, दादा. त्या तीसचं वजन जास्त, असं तू लिहिलं होतंस ना? इतकी वर्षं शिकवतेय, पण माझ्या एकाही पोराने ते आपणहून सांगितलेलं नाही.

कागद जपून ठेवलाय. मागशील तेव्हा पाठवीन.

माझ्या वाट्याचा लोभ आता तूच ठरव.
तुझी,
धाकटी


ता. १२ डिसेंबर

चि. भिंगरीस,
बाबांचे पोटभर आशीर्वाद.

आधी जेव. रिकाम्या पोटी वाचायचं पत्र नव्हे हे.

तुझं पत्र वाचून मी ते घडी करून खिशात ठेवलं. तुझी आई समजून गेली, तिने विचारलं, मी सांगितलं. ती मला म्हणाली की सगळ्यांत आधी लपवलं कोणी? मी म्हणालो मास्तरणीने. ती म्हणाली, वर्तमानपत्राचं कव्हर कोणी घातलं होतं? तुझ्या आईपुढे कधी कोणाचं चाललंय?

हौद बघून आलो. तिथल्या म्हाताऱ्याने पायात घालून बघ म्हणून रबरी बूट दिले. अगदी माझ्या मापाचे निघाले. ते बघून माझं तोंड कडू झालं, आणि मग वाटलं, त्याने हे बूट जन्मभर घातले, त्याच्या पोरीने काय सांगायचं?

बाळ, तू हसलीस त्याचं मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण वाटलं. तुला लाज वाटली ती माझी वाटली, हे मला कळतंय. मलाही माझी वाटत होती, नाही तर तुझ्यापासून पुस्तक कशाला लपवलं असतं? तुला एकटीला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही.

नाव काढलेलं नाही. परीक्षा देतोय. कव्हर फाडून टाकलंय आणि पुस्तक सगळ्यांसमोर उघडून बसतो. पोरं चिडवतात, आमचा तो वाहक मला उदाहरणं घालतो आणि स्वतः चुकतो. पास होईन की नाही देव जाणे.

एक मागतो. तुझ्या मैत्रिणीला खरं सांगायचं असेल तर निकालाच्या आधी सांग. मी टेबलावर बसल्यावर सांगणं सोपं आहे, त्यात काही नाही. आज मी चालक आहे. उद्या कदाचित नळीवाला असेन. सांगायचं ते आज सांग. जमलं नाही तरी तू माझीच आहेस, ते काही परीक्षेवर नाही.

आत्याशी बोल. तिच्यावरचा राग माझा आहे, तो मी माझ्या सवडीने काढीन. तिला सांग की राग गेलेला नाही, पण ती पाच उदाहरणं लगेच पाठव. राग चालू असताना गणितं करता येतात.

तुझ्या हक्काचे,
बाबा


ता. १९ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आत्याशी बोलले. पाच उदाहरणं ती वेगळ्या पाकिटातून पाठवतेय. आम्ही दोघी एका टेबलावर जेवतो, अजून फार बोलत नाही, पण वाढताना ती विचारते आणि मी उत्तर देते.

काल वर्गात एक मुलगा उशिरा आला आणि मागून कोणीतरी परत ते वाक्य म्हणालं. सगळे हसले. मी हसले नाही. दोन वेण्यांच्या मैत्रिणीने मला काय झालं म्हणून विचारलं. मी तिला सांगितलं की ते उत्तर माझ्या बाबांचं आहे, माझे बाबा कार्यालयात नसतात, बस चालवतात. हळू सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज मोठा निघाला. मागचे दोन बाक पुढे वाकले. माझे कान इतके तापले की मला पुढचं काही ऐकू येईना.

ती हसली नाही, बाबा. रागावलीही नाही. तिचे काका रोज बसने कामाला जातात, म्हणून तिने लगेच विचारलं की तुझे बाबा कुठली बस चालवतात, कुठून कुठे जातात.

मला सांगता आलं नाही. मी खूप आठवून बघितलं. तुम्ही पहाटे जाता आणि अंधार पडल्यावर येता, एवढंच मला माहीत होतं. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

ती अजून वाट बघतेय. बाबा, तुम्ही कुठून कुठे जाता? मधे कुठली गावं लागतात? सगळं सविस्तर लिहा.

तुमची,
भिंगरी